बसायला बोलावणारी खोली



संयोजक म्हणाले, "तू घराबद्दल बोल, आपल्यात घरकुल मिळालेले बरेच आहेत." डॉक्टर, वकील झालेल्यांच्या पाठोपाठ एक परिचारिका पत्र्याखालच्या खोलीबद्दल बोलणार, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला. सुरुवातीला दवाखाना झाडाखाली होता, आणि विश्वास बसल्यावर लोक कुठून कुठून चालत येऊन तिथे थांबत, हे आपण शाळेत किती वेळा ऐकलं! मग आपल्या पक्क्या घरात आपलेच लोक का बसत नाहीत?

माझं घर भामरागडच्या पलीकडे, प्रधानमंत्री आवास योजनेतलं. आपल्या भागाला त्यात १,३०,००० रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे स्वयंपाकाच्या जागेसकट साधारण २७० चौरस फुटांचं. सिमेंट-लोखंड इथवर आणायच्या भाड्यातच किती जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे पडले, पैसे संपले. वडील गेल्यावर आईला गावाहून माझ्याकडे आणलं. ती दिवसभर मोहाच्या झाडाखाली बसायची आणि रात्री अंगणात झोपायची. "आत भाजतं," म्हणायची. "अन् तो दिवा दवाखान्यासारखा आहे." पावसाळा तोंडावर होता. ती परत गावी जायचं म्हणू लागली. तिला रक्तदाबाच्या गोळ्या रोज लागतात, आणि तिथे त्या द्यायला कुणी नाही.

म्हणून पहिलं काम उष्म्याचं. पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात मारले. चुना टिकावा म्हणून त्यात थोडा फेविकॉल घातला. पांढऱ्या रंगावरून ऊन परततं. पावसात तो बराचसा धुऊन जातो, पण तेव्हा त्याची गरजही नसते. मग आतून पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत बांधलं. दोन्ही टोकांना जाळी लावून ती जागा उघडी ठेवली, म्हणजे तापलेली हवा बाहेर निघून जाते. हे बंद केलंत तर तट्टे लावून निम्माच उपयोग. दहा बाय बाराच्या खोलीला सहा तट्टे लागले. घरी वापरायला बांबू घेणार असाल तर पावसाळा सरल्यावर तोडलेला घ्या, आपला भरीव मानवेल. तो दोन-तीन आठवडे वाहत्या नाल्यात बुडवून ठेवा, मग सावलीत वाळवा. भुंगा लागतो तो बांबूतल्या पिठूळ अंशासाठी. पाण्यात तो बराच निघून जातो. जुनी माणसं हे करत होतीच. आता चिचपल्लीच्या बांबू केंद्रात बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडची प्रक्रियाही शिकवतात.

दुसरं, बसणं. हप्त्यांवरचा सोफा मला पसंत नाही, स्पष्टच सांगते. त्यावर एक जण बसतो आणि बाकीचे खाली बसून त्याच्याकडे मान वर करून बघतात. माझ्याकडे उरलेल्या विटा होत्या. भिंतीला लागून फूटभर उंचीचा ओटा बांधला आणि त्यावर जुन्या लुगड्यांची गोधडी घातली. खाली चटईवर बसलेला आणि ओट्यावर बसलेला, दोघांच्या नजरा जुळतात. घरी बाळंतिणीची सासू येते, तिला मला काही समजवायचं असतं, तेव्हा हा फूटभराचा फरक फार मोठा ठरतो.

दिवा बदलला. मधोमध लटकणारा पांढरा बल्ब काढून पिवळसर उजेडाचा एलईडी कोपऱ्यात, विरळ विणीच्या टोपलीत लावला. भिंतीवर तट्ट्याची नक्षी पडते. पाहुण्यांची लेकरं ती बघत बसतात.

तट्टे, मजुरी, चुना, बल्ब मिळून ३,४०० रुपये लागले. ओटा मी आणि भावाने बांधला.

आई लगेच काही आत आली नाही. दोन दिवस दारातून बघत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी आली आणि ओट्यावर न बसता त्याला टेकून खाली बसली. आता गावचे लोक आले की तीच त्यांना आत बोलावते. गोळ्या वेळेवर सुरू आहेत.

तट्टे विणणारे दोघे आमच्याच गावचे आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी मेअखेरच्या आत मला सांगा. पर्लकोटेला पूर आला की माल अलीकडे आणणं कठीण होतं.