पेन्शनची रक्कम ठरल्यानंतर



या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून आज मी म्हातारपणीच्या पैशाविषयी बोलणार आहे, आणि त्यातल्या एकाच गोष्टीविषयी: पेन्शनची रक्कम एकदा ठरली की पुढच्या वर्षांत तिचं काय होतं?

पेन्शनवरचं आपलं बरंचसं लेखन सरकारी नोकरांभोवती फिरतं. त्याला कारणंही आहेत. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन गेली, मार्च २०२३ मध्ये संप झाला, तिजोरीवरच्या बोजाचे हिशेब मांडले गेले. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नकारा खटल्यात ठणकावून सांगितलं. त्या निकालाची थोरवी मी मानतो. पण जिने जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं, तिचं सेवापुस्तक कुणी ठेवलं? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली विशीतली माणसं आज सत्तरी ओलांडून बसली आहेत. त्या पिढीला कामाची हमी देणारा कायदा आपल्या राज्याने देशाच्या आधी केला. तिच्या म्हातारपणाकडे आपण तेवढ्या आस्थेने पाहिलेलं नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राने निराधार वृद्धांसाठी दरमहा ७५ रुपये सुरू केले. २००६ मध्ये त्याचे २०० झाले. ऐंशी ओलांडलेल्यांना २०११ पासून ५०० मिळतात. त्याहून लहान वृद्धांसाठी केंद्राचा वाटा २०० वरच थांबला. औद्योगिक कामगारांचा किंमत निर्देशांक लावून पाहा. १९९५ चे ७५ रुपये आजच्या किमतीत चारशेच्या पुढे जातात. म्हणजे आजच्या २०० रुपयांत तेव्हाच्या ७५ रुपयांचा निम्मा मालसुद्धा येत नाही. ही कपात कुठल्या मंत्रिमंडळाने ठरावाने केली नाही, कुठल्या सभागृहात तिच्यावर चर्चा झाली नाही. महागाईने ती परस्पर केली. याच निर्देशांकावरून सरकारी निवृत्तांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये वाढतो, आणि तो वाढायलाच हवा. मग तोच आकडा निराधाराच्या दोनशेला का लागू होत नाही? माझं आजचं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे.

राज्य आपली भर घालतं. श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० झाली, ही समाधानाची बाब. मात्र पुढची वाढ कधी, हे त्या-त्या वर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून. कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांचीही तीच गत: ईपीएस-९५ ची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली आणि पुढची दहा वर्षं तिथेच राहिली. अटल पेन्शनमध्ये २०१५ साली वीस वर्षांच्या पोराने सर्वांत मोठा हप्ता भरायला घेतला, तर त्याला हमी मिळते २०५५ पासून दरमहा ५,००० रुपयांची. तेव्हा पाच हजारांत काय येईल, याचं उत्तर योजनेच्या कागदांत नाही.

उत्पन्नाच्या अटीकडेही पाहा. श्रावणबाळसाठी कुटुंबाची वार्षिक मर्यादा २१,००० रुपये. २०२४-२५ चा रोजगार हमीचा दर होता २९७ रुपये. म्हणजे घरातल्या एकाने ७१ दिवस मातीकाम केलं की मर्यादा ओलांडली! हे सर्वांना माहीत आहे, अर्ज करणाऱ्याला, तलाठ्याला, तहसीलदारांना. तरी उत्पन्नाचा दाखला काढायचा, दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, आणि खतं-मातीने झिजलेला अंगठा यंत्रावर उमटला नाही तर परत यायचं. तालुक्याच्या बँकेत एक दिवस बसून पाहा. ‘माझं निराधारचं आलं का?’ एवढं विचारायला आलेल्या बायका दिसतील. बऱ्याच विधवा असतात. येण्याजाण्याचं भाडं त्यांच्याच पदरचं.

मार्ग नाही असं मात्र नाही. मालक रोज बदलतो अशा हमालाचा भविष्यनिर्वाह निधी साठवायचा कसा, याचं उत्तर महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यात दिलं: मालकाने मजुरीवर लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने कामगाराच्या नावे ती जमा ठेवायची. ऊसतोड, बांधकाम, घरकाम यांना ही रीत कितपत लागू पडेल, तिथे काय अडेल, यावर मराठीत कसून अभ्यास व्हायला हवा. अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांच्या पेन्शन परिषदेने महिना २,००० रुपयांची मागणी केली, त्यालाही दशक उलटलं. तो आकडा आज पुन्हा मोजावा लागेल.

देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या बहात्तर हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. ती सामग्री अभ्यासकांना खुली आहे, ती वापरा. पण पैसे कोणत्या तारखेला जमा झाले, अर्ज किती महिने पडून राहिला, दाखल्याअभावी किती नावं बंद झाली, गावच्या किराणा दुकानात त्या रकमेचं काय-काय आलं, हे पासबुकं उघडून आणि घरोघरी जाऊनच कळेल. पुढच्या अधिवेशनात प्रत्येक जिल्ह्यातून या विषयावर एक तरी निबंध यावा, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवतो. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यापासून सुरुवात करावी. प्रश्नावली तयार करायला मी त्यांच्याबरोबर बसेन.