आकाशातलं प्रत्येक यंत्र विमान नव्हे

वरून घरघर ऐकू आली की आपण म्हणतो, "विमान चाललंय." पण उडणाऱ्या प्रत्येक यंत्राचं नाव वेगळं अन् कामही वेगळं. विमानाला लांब धावपट्टी लागते. हेलिकॉप्टर जागच्या जागी सरळ वर चढतं. सी-प्लेन पाण्यावरच उतरतं. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईच्या गिरगाव चौपाटीला त्याची चाचणी झाली. ड्रोनमध्ये मात्र माणूस बसत नाही, तो जमिनीवरून चालवतात.

यातला ड्रोन आता बचत गटांपर्यंत आलाय. केंद्र सरकारनं 2023 मध्ये देशातल्या 15,000 गटांसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये अनुदान, आणि गटातल्या एका बाईला 15 दिवसांचं प्रशिक्षण.

पण अनुदान ऐकलं की लगेच ठराव करू नका. उरलेले पैसे गटालाच उभे करायचे असतात. म्हणून बैठकीत आधी हिशेब मांडा: सोनारीच्या शिवारात तूर, सोयाबीन, उसाची किती एकर फवारणी मिळेल? एकरी भाडं किती? बॅटरी अन् दुरुस्तीला किती जाईल? हिशेब जुळला तर जरूर पुढं व्हा. ड्रोन उडवायला आपण शिकू. पण कर्ज काढलं तर काम मिळो न मिळो, हप्ता भरावाच लागतो.