भूक आणि चोरी : दोन कथा



२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी याच देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. येथे आपण पंचशील घेतो. त्यातले दुसरे शील चोरी न करण्याचे. रिकाम्या पोटाने ते कसे पाळावे, हा प्रश्न आपल्या कथाकारांनी टाळलेला नाही.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं'मधला भीमा वारणाकाठ सोडून मुंबईला येतो, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. प्रेताच्या राखेत त्याला सोने सापडते. मग तो राख चाळतो आणि पुढे पुरलेली मढी उकरू लागतो. बायको नको म्हणते, पण चूल पेटते ती त्याच सोन्यावर. आम्ही बँकेतली माणसे सोनेतारणाचे दागिने तोलताना नेहमी पाहतो. पावतीवर वजन येते, ते सोने कोणत्या हातांतून आले हे येत नाही. अण्णा भाऊंनी ते लिहून ठेवले. शेवटी मढ्याच्या जबड्यात भीमाची बोटे अडकतात आणि ती गमवावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणाऱ्याची बोटे गेली! भीमा चांगला की वाईट, हे लेखक सांगत बसत नाही.

बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातील त्याच नावाच्या कथेचा नायक वेगळा. शिकलेला, कविता करणारा, गुजरातेत उधन्याला रेल्वेत नोकरीला लागलेला. भीमाजवळ काम नव्हते; याच्याजवळ आहे, पण खोली मिळायला जात लपवावी लागते. कोणाचेही काही न घेता तो चोर ठरतो आणि उघडकीला आल्यावर मार खातो. म्हणजे पगाराने गरिबी थोडी हटते, पण चोर म्हणवून घेणे चुकत नाही.

अशी पात्रे दाखवून समाजाची बदनामी होते, आदर्श माणसे रंगवावीत, असे काही वडीलधारे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. चिंचवड-चाकणला कामाला आलेल्या पोराला खोली बघताना अजूनही आधी आडनाव विचारतात. त्याला आदर्शापेक्षा बागूलांचा नायक जवळचा वाटेल.

विहाराच्या कपाटात ही दोन्ही पुस्तके ठेवावीत, एवढी कार्यकारिणीला विनंती. जयभीम.