नफ्याचा उगम

लाभांशाचा पैसा घरीं येतो तेव्हां त्यावर कोणताहि डाग दिसत नाहीं. तो कोणत्या मार्गानें आला हें रुपया सांगत नाहीं. तें विचारावें लागतें. फिलाडेल्फियाच्या क्वेकर पंथीयांनीं तें १७५८ सालीं विचारलें, आणि गुलामांची खरेदी-विक्री करणारांस पंथाच्या कारभाराच्या सभांतून वगळण्याचें ठरविलें. व्यापार आणि धर्म यांचे प्रांत निराळे, ही सबब त्यांनीं मानली नाहीं.

भारतांत या प्रश्नाचें एक उत्तर नागपुरास मिळालें. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी तेथें सुरू झाली. त्या गिरणीनें १८८६ सालीं कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि उभारला आणि १८९५ सालीं अपघाताच्या भरपाईचा. अशी भरपाई देण्याचें बंधन घालणारा कायदा हिंदुस्थानांत १९२३ सालीं झाला. कायद्याच्या अगोदर अठ्ठावीस वर्षें एका मालकानें हें देणें ओळखलें होतें.

पुढें २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावावयास सांगितलें. हें कलम १ एप्रिल २०१४ पासून अंमलांत आलें. मात्र केवळ स्वतःच्या कामगारांसाठीं केलेला खर्च त्या दोन टक्क्यांत धरला जात नाहीं. हें योग्यच आहे. कामगारास द्यावयाचें तें दान नव्हे, देणें होय. त्याच न्यायानें, ज्या कारखान्याचें घाण पाणी नदींत जातें, त्यानें नदीकांठीं शाळा बांधली तरी नदीचें ऋण फिटत नाहीं. दोन टक्के कसे खर्चिले हें तें कलम पाहतें; शंभरहि टक्के कसे मिळविले, हें भागधारकानें पाहावें.

त्यास साधनहि आहे. सेबीच्या नियमानें २०२२-२३ पासून शेअरबाजारांतील पहिल्या एक हजार कंपन्यांस जबाबदार व्यवहाराचा अहवाल देणें बंधनकारक झालें. कामावरील अपघात, पाण्याचा वापर, स्त्री-पुरुषांचें वेतन यांचे आंकडे त्यांत येतात. ज्या गृहस्थास नफ्याची ओळ सांपडते, त्यास हीं पानेंहि सांपडतील.

लाभांश थोडा घटला तर व्याजावर चालणाऱ्या घरास तो तोटा लहान नसतो, हें खरें. अशा घरानें पोटास चिमटा घ्यावा, असें नीति सांगत नाहीं. परंतु दोन कंपन्यांचा नफा सारखाच असतां, जेथें कामगारांचे हात सुरक्षित आहेत ती निवडावयास पदरचें कांहींच मोडावें लागत नाहीं. तेवढें तरी प्रत्येक घरास करतां येण्याजोगें आहे.