स्थिर काटा, खोटा आकडा

मी तंजावरहून बोलतोय. सैन्यातून निवृत्त झाल्यावर इथे राहायला आलो, कारण ही माझी सासुरवाडी. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास इथे राज्य उभं केलं, तेव्हापासून मराठी बोलणारी घरं या गावात आहेत. आमच्या सासऱ्यांचं घर त्यांतलंच एक. आज मात्र इतिहास सांगणार नाही. त्यांच्या अँबॅसडरची गोष्ट सांगणार आहे, आणि तिच्यात माझी एक कबुलीही आहे.

गाडी सत्तरच्या दशकातली. मूळचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन पार झिजलं, तेव्हा बाबांनी त्या जागी इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन बसवून घेतलं आणि आरसी बुकात रीतसर नोंद केली. पुढे कारखान्यानेही हेच इंजिन अँबॅसडरमध्ये दिलं होतं, त्यामुळे जोडी काही विजोड नव्हती. या गाडीत टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा मीटर, मुळात नव्हता. मी हौसेने जुन्या बाजारातून एक आणला आणि एका गॅरेजात बसवून घेतला.

पहिल्याच रात्री काटा नाचायला लागला. हेडलाइट लावले की उडी, हॉर्न वाजवला की उडी. सैन्यात माझी उमेदीची वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपात गेली, म्हणून स्वतःच हात घातला.

अशा मीटरला साधारण चार तारा असतात: इग्निशन स्विचमधून येणारी बारा व्होल्टची, अर्थिंगची, दिव्याची आणि सिग्नलची. काटा दिव्यांबरोबर हलत असेल, तर आधी अर्थिंग बघा. मल्टिमीटरचं एक टोक मीटरच्या अर्थिंगला, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावा आणि हेडलाइट चालू करा. आकडा शून्याच्या जवळ हवा. माझ्याकडे जवळजवळ एक व्होल्ट आला. कारण अर्थिंगची तार रंग दिलेल्या पत्र्यावर स्क्रूने आवळलेली होती. पत्रा खरवडण्यापेक्षा मी बॅटरीपासून वेगळी तार ओढली.

मग सिग्नलची तार. ती इग्निशन कॉइलच्या ऋण टोकाला लागते. माझी तिथेच होती, पण प्लगच्या जाड वायरींना चिकटून गेली होती. ती लांबून फिरवली. इथे एक सावधगिरी: इंजिन चालू असताना त्या टोकावर क्षणभर शेकडो व्होल्ट येतात. उघड्या हाताने चाचपू नका.

काटा एकदम शांत झाला आणि मी खूश. आयडलिंग काट्यावर बघून नऊशेला लावलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन तिरुचीच्या रस्त्याला लागलो. बाबा म्हणाले, "कर्नल, इंजिन ओरडतंय. वरचा गिअर टाका." मी म्हणालो, "बाबा, मीटर तीन हजारच दाखवतोय." त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. वल्लमच्या आधी पाणी उकळलं, आणि आम्ही झाडाखाली बसून इंजिन गार व्हायची वाट बघत राहिलो. घरी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्यासमोर ठेवली. "आता तुम्हीच चालवा. मला काही कळत नाही," म्हणाले. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. दुसरं माप घेतलं. पुलीवर चमकणाऱ्या टेपचा तुकडा लावला आणि प्रकाशाने फेरे मोजणारा हातातला मीटर तिच्यावर धरला. (पंख्यापासून बाही आणि हात लांब ठेवा.) आकडे वहीत लिहिले. काटा 600, खरे फेरे 900. काटा 1000, खरे 1500. काटा 2000, खरे 3000. प्रत्येक वेळी दोन तृतीयांश.

मंडळी, आजच्या बोलण्यातलं एवढं एक लक्षात ठेवा. चूक बदलती असेल तर तार तपासा. चूक सगळीकडे त्याच प्रमाणात असेल तर तार सोडा, हिशेब तपासा.

हिशेब असा. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत चार ठिणग्या पडतात, म्हणजे फेऱ्याला दोन. सहा सिलिंडरला फेऱ्याला तीन. माझ्या मीटरच्या मागे 4, 6, 8 असा बारीक स्विच होता, आणि तो सहावर होता. नऊशे फेऱ्यांच्या अठराशे ठिणग्या तो तीनने भागत होता, म्हणून सहाशे. मी आयडलिंग नऊशे समजून साडेतेराशेला लावलं होतं. रस्त्यावर तीन हजार समजून साडेचार हजारांवर इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये खेचत होतो. बाबांचा कान बरोबर होता.

तुमच्या गाडीत वेगळं इंजिन असेल तर हिशेबही वेगळा. डिझेलला ठिणगीच नाही, त्यामुळे कॉइलही नाही. तिथे अल्टरनेटरच्या डब्ल्यू टोकावरून सिग्नल घ्यावा लागतो, आणि बारा पोलचा अल्टरनेटर इंजिनच्या दुप्पट वेगाने फिरत असेल, तर एका फेऱ्याला बारा ठोके येतात. तेवढं जुळवून घेता येणारा मीटरच हवा. काही नव्या इंजिनांत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते. अशा एकाच कॉइलवर तार लावली, तर चार सिलिंडरचा मीटर निम्मंच दाखवेल. संगणकावर चालणाऱ्या इंजिनात मीटरसाठी बहुतेक वेगळी तार दिलेली असते, ती वापरा. कधी कधी तिला बारा व्होल्टकडून एक रेझिस्टर जोडावा लागतो, त्याशिवाय मीटरला ठोके कळत नाहीत.

आणि वही ठेवा. याच गावात सरफोजीराजांच्या काळी डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी लिहून ठेवल्या जात. लिहिलेलं असलं की आपलाच आपल्याशी वाद मिटतो.

मी स्विच चारवर केला, आयडलिंग खाली आणलं आणि वही घेऊन बाबांसमोर बसलो. म्हणालो, "बाबा, तुमचं बरोबर होतं. मी काट्याचं ऐकलं, तुमचं ऐकलं नाही." त्यांनी आकडे नीट वाचले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी किल्ली जागेवर नव्हती, आणि गल्लीच्या टोकाकडून अँबॅसडरचा आवाज येत होता. वरचा गिअर वेळेवर पडला.

जय हिंद.