नाटक शिकवणाऱ्याचा आठवडा



तुमच्या रात्रीच्या वर्गात येऊन चार शब्द बोला, असा निरोप आला. आम्ही म्हटलं, काय बोलावं? आम्हाला शेतीतलं कळत नाही, औषधातलं कळत नाही. शहरातल्या एका कॉलेजात आम्ही नाटक शिकवतो. "नाटक ते काय शिकवायचं असतं?" असं आमची आईसुद्धा विचारायची. म्हणून म्हटलं, आमचा गेला आठवडाच तुम्हाला सांगावा.

सोमवारी इतिहास असतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. मराठी नाटकाची सुरुवात तिथून धरतात. त्या नाटकात सूत्रधार पदे गायचा आणि नट आपापल्या मनाने बोलायचे. तमाशातल्या बतावणीत बोलतात ना, तसेच. पोरं वह्या भरतात, आम्ही बोलत राहतो. खरं सांगायचं तर सोमवार कोरडाच जातो.

मंगळवारी वाचन. नाटक नुसतं डोळ्यांनी वाचून भागत नाही. ते तोंडानं वाचावं लागतं. गेल्या मंगळवारी आम्ही जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न' घेतले. हे नाटक त्यांनी १८५५ साली लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले, तर कमिटीने ते नाकारले. छापून आले ते थेट १९७९ साली. फुले तर १८९० सालीच वारले होते.

गोष्ट साधी आहे. एक कुणबी आहे. त्याची बायको गरोदर आहे. एक जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो आणि त्या दोघांना खर्चात पाडतो. मध्ये विदूषक आहे, तो सगळं उघडं करून सांगतो. शेवटी नवरा-बायको ठरवतात, की आपण रात्रीच्या शाळेत जायचं, लिहा-वाचायला शिकायचं. हो, तुमच्या या वर्गासारख्याच शाळेत!

कुणब्याचं काम वाचायला आम्ही एका मुलाला उभं केलं. दुष्काळी भागातला पोरगा. त्याच्या घरातलं पहिलंच माणूस कॉलेजात आलेलं. ओळीखाली बोट धरून तो वाचू लागला. आवाज असा, की वर्ग गप्प झाला. तेवढ्यात त्यानं 'पाणी'ला 'पानी' म्हटलं. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. आणि आम्ही काय करावं? आम्ही म्हटलं, "बाणातला ण म्हण रे."

तो थांबला. पुढचं सगळं त्यानं अक्षर अक्षर जपून वाचलं. ण बरोबर आला, पण कुणबी निघून गेला. आमच्या ते लगेच ध्यानात आलं. तरी आम्ही काही बोललो नाही. तास संपला.

बुधवारी गाणं. पेटी काढून बसतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' आणले. त्यात साकी, दिंडी, ओवी अशा लोकांच्या कानावरच्या चाली घेतल्या. आम्ही ओवीची चाल वाजवली, तर एक मुलगी म्हणाली, "सर, ही तर आजीची जात्यावरची." मग तास तिनेच घेतला म्हणा ना!

गुरुवारी संध्याकाळी आम्ही भजनाला जातो. मारुतीच्या देवळात पाच-पंचवीस माणसं जमतात. आम्हाला गळा नाही, टाळ तेवढा धरतो. त्या गुरुवारी तो पोरगा देवळात आला होता. बुवांनी त्याला पुढं बसवलं. त्यानं अभंग धरला आणि सगळ्यांनी त्याच्या मागून म्हटला. तिथं ण बाणातला की न नळातला, हे कोणी विचारलं नाही. आम्ही मान खाली घालून टाळ वाजवत होतो.

भजन सुटल्यावर तो पायरीवर येऊन बसला. म्हणाला, "सर, एक विचारू? देवाच्या नावानं गरिबाला लुबाडतात, हे आपण मंगळवारी वाचलं. आणि गुरुवारी तुम्ही टाळ घेऊन बसता. हे कसं?"

प्रश्न सरळ होता. आम्ही म्हटलं, "अरे, फुलेसुद्धा देव मानत. त्याला ते निर्मिक म्हणत. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, एवढंच त्यांचं म्हणणं."

"मग तालमीच्या आधी आपण नारळ फोडतो तो?"

"त्याचं खोबरं सगळ्यांना वाटतो ना? नाही फोडला तर नाटक पडेल, असं भय कोणी घातलंय का तुला?"

तो हसला. त्याला पटलं की नाही, ते काही कळलं नाही. मग मात्र आम्ही सांगून टाकलं, "मंगळवारी आमचं चुकलं बाबा. तुला मध्येच टोकायला नको होतं."

तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "पण सर, परीक्षेत ण लागतोच ना? नोकरीच्या मुलाखतीत लागतो. तो पण शिकवा की. फक्त सगळ्यांसमोर नको."

शुक्रवारी आम्ही दोघं अर्धा तास आधी येऊन बसलो. पाणी, लोणी, दाणे, कणीस. शनिवारी तालीम झाली, तेव्हा आम्ही म्हटलं, आता ते सगळं बाजूला ठेव आणि तुझ्या घरी बोलतात तसं बोल. मागच्या बाकावरचा तो पोरगा, हसला होता तो, विदूषक झाला आहे. चांगलं करतो.

रविवारी आम्ही झोपलो. तेही सांगितलं पाहिजे.

पुढच्या महिन्यात हे नाटक तुमच्या शाळेच्या अंगणात करायचं ठरलं आहे. त्यातला थोडा भाग आम्ही आज मोठ्या अक्षरांत लिहून आणला आहे. जोशी आम्ही वाचतो. बाईचं काम त्या मागं बसलेल्या काकूंनी घ्यावं. घाई नाही, बोट धरून वाचलं तरी चालेल.

कुणबी कोण होतो?