शेवटचा धडा



आज ज्यांना चित्रकलेची बक्षिसे मिळाली, त्यांना कोणी ना कोणी सांगेलच की कलेत ‘प्रचार’ आला की कला संपते. मला ते पटत नाही. साक्षीला एक माणूस आणतो. स्पेनच्या वायव्य टोकाला गालिसिया आहे. तिथल्या रियान्शो या किनाऱ्यावरच्या गावी १८८६ साली कास्तेलाओ जन्मला. डॉक्टर झाला, पण दवाखान्यात रमला नाही. व्यंगचित्रे काढू लागला, पुढे पोन्तेवेद्रात चित्रकलाही शिकवली. नजर अधू, त्यात १९१४ साली डोळ्याचा पडदा सरकला. १९१६ ते १९१८ या काळात त्याने ‘नोस’, म्हणजे ‘आपण’, हा चित्रसंच काढला. त्यात भूमिहीन शेतकरी आहेत, पोटासाठी परदेशी निघालेली माणसे आहेत आणि त्यांच्या मानेवर बसलेले गावपुढारीही. हेतू उघड आहे. पण हेतू ठाम होत गेला तशी रेघ कमी होत गेली. जाड बाह्यरेषा, थोडी छाया, बाकी कागद कोरा.

कोणी म्हणेल, स्पेनच्या यादवी युद्धातली त्याची चित्रे तरी निव्वळ प्रचार होती. ‘गालिसिया मार्तिर’ या १९३७ च्या संचातले ‘शिक्षकाचा शेवटचा धडा’ बघा. जमिनीवर पडलेला शिक्षक, जवळ शोकाने कोसळलेली दोन मुले. मारणारा चित्रात नाहीच. प्रचारकाने त्याला आधी रंगवला असता, शिंगेसुद्धा लावली असती. कास्तेलाओचा मित्र बोवेदा १९३६ च्या ऑगस्टमध्ये गोळ्या घालून मारला गेला होता; त्या शिक्षकात लोक त्यालाच पाहतात. एवढे दुःख असूनही हात सुटलेला नाही. १९४५ मध्ये परागंदा असताना, ब्वेनोस आयरेसमध्ये, त्याने हाच विषय तैलरंगात पुन्हा घेतला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चित्रांखालच्या ओळींशिवाय ही चित्रे उभी राहतात का? काही राहत नाहीत, हे मान्य. पण त्या ओळी चित्राचा अर्थ सांगत नाहीत. ते पात्रांचे बोलणे आहे, तेही गालिसियन भाषेत, जिला शहरी लोक गावंढळ समजत. त्या बोलीला छापील जागा देणे हा चित्राचाच भाग होता.

कास्तेलाओ १९५० मध्ये ब्वेनोस आयरेसलाच वारला. त्याच्या अस्थी गालिसियात पोहोचायला १९८४ उजाडले. घरी गेल्यावर ‘नोस’ शोधा. आधी ओळी झाकून बघा, मग उघडून.